तावडे हॉटेल ओलांडण्याआधी : गाडीवरच्या वाऱ्यापासून कान कसे वाचवायचे

आंबा घाटाच्या अलीकडं चहाला थांबलो होतो. पावसाळा सरत आलेला, दिवेलागणीची वेळ. बरोबरचा मित्र म्हणाला, "रातकिडं कसलं वरडाय लागल्यात बघ." मी कान दिला, पण मला काहीच ऐकू आलं नाही. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. चहावाल्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, "हितं रातभर असंच असतंय." मला त्याच्या स्टोव्हची घरघर येत होती, घाट चढणारा ट्रकही लांबून ऐकू येत होता. रातकिडे मात्र नव्हते.

पुढच्या आठवड्यात कानाची तपासणी केली. आलेखाची रेघ सरळ चालत येते आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या पट्टीच्या आवाजांपाशी, खड्ड्यात उतरते. डॉक्टरांनी कागद बघून पहिला प्रश्न विचारला, "फौंड्रीत कामाला आहात का?" मी म्हटलं, नाही, मी कागदपत्रांत बसतो, पण गाडी भरपूर चालवतो. रोज कोल्हापूर ते कागल, महिन्यातून एकदा पुणे, आणि सवड मिळाली की गगनबावडा, आंबोली, दाजीपूर. अठरा वर्षांत हेल्मेटशिवाय महामार्गावर गेलो नाही, याचा मला अभिमान होता. हेल्मेटनं डोकं वाचतं. कानाचं काम वेगळं असतं, हे मला तेव्हा कळलं.

गेलेलं परत येत नाही. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा जो भाग असतो, त्यातल्या केसासारखे तंतू असलेल्या पेशी आवाज पकडतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळं हा लेख ज्यांचे कान अजून शाबूत आहेत त्यांच्यासाठी आहे.

आधी शत्रू ओळखा

आपल्याकडं आवाज म्हटलं की बुलेटचा सायलेन्सर आठवतो. पण साधारण ६०-६५ च्या वेगापुढं कानात शिरणाऱ्या आवाजात इंजिनापेक्षा वारा वरचढ होतो. हेल्मेटच्या आत कानाजवळ मायक्रोफोन लावून मोजमापं झालेली आहेत. ताशी ६० किमीला ९० डेसिबलच्या आसपास, १०० ला सुमारे १००, आणि १६० ला ११० पर्यंत. गाडी कुठली, हेल्मेट कुठलं, उंची किती, यानं हे आकडे खालीवर होतात, पण चित्र हेच राहतं.

आता डेसिबलचा हिशेब. तो आपल्या किलो-लिटरसारखा चालत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक असा आहे : ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास चालतील, ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एकच तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला १५ मिनिटं. दर तीनला वेळ निम्मी.

हा दंडक आपल्या रस्त्यावर बसवून बघू. कोल्हापूरहून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीला जाणारा माणूस ६० नं गेला तर जाऊन-येऊन पाऊण तास नव्वद डेसिबलमध्ये असतो. नव्वदला मुभा सुमारे अडीच तासांची. म्हणजे दिवसाच्या कोट्यातला तिसरा हिस्सा रस्त्यावरच संपला. तो मशीनशॉपमध्ये असेल तर उरलेला तिथं संपतो. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्याची गोष्ट तर आणखी वाईट. शेडमध्येच आवाज नव्वदच्या वर, त्यात गाडीवरचा वारा ही त्यावरची व्याजाची रक्कम.

पुण्याला जाणाऱ्याचं बघा. सव्वादोनशे किलोमीटर, त्यातले अडीचेक तास ऐंशीच्या वेगात. ऐंशीला साधारण ९६ डेसिबल धरा. त्याला मुभा आहे ३८ मिनिटं, म्हणजे अडीच तासांत तुम्ही दिवसाचा कोटा जवळजवळ चार वेळा वापरलात. पन्नासेक किलोमीटर जाईपर्यंतच पहिला कोटा संपलेला असतो.

तुमचे कान आज कुठं आहेत?

खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी करा. निघण्यापूर्वी घरात, पंखा बंद करून, मोबाइलवर एखाद्या माणसाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावा. आवाज कमी करत न्या. शब्द जेमतेम कळतील तिथं थांबा आणि मोबाइलच्या आवाजाची किती घरं भरली आहेत ते लिहून ठेवा. सहल करून आलात की त्याच खोलीत, तेवढ्याच अंतरावर, तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावा. दोन घरं जास्त लागली तर तुमचे कान त्या दिवसापुरते बधिर झालेत. रात्रीत ते बहुधा सावरतात. पण हे पुन्हापुन्हा होत राहिलं की एक दिवस सावरायचं थांबतात.

डेसिबल मोजणारं ॲप हेल्मेटमध्ये ठेवून आवाज मोजायच्या भानगडीत पडू नका. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, वाऱ्यात तो काहीही आकडा दाखवतो.

आणखी खुणा आहेत. गाडीवरून उतरल्यावर कानात कापूस घातल्यासारखं वाटणं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की 'कुईं' असा बारीक सूर. घरचे म्हणतात टीव्ही मोठा आहे, तुम्हाला तो बरोबर वाटतो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, कारण आधी जातात ते स, श, फ, थ असे बारीक व्यंजनांचे आवाज. स्वर शाबूत राहतात. म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येतंय, पण हे लोक नीट बोलत नाहीत." मी बायकोला हे दोन वर्षं म्हणत होतो.

पहिला खर्च इअरप्लगचा

गाडीवाल्यांच्या गप्पांत विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं, महागडं हेल्मेट घे. माझं मत उलट आहे. वीस हजारांचं हेल्मेटही महामार्गावर तुमचे कान पुरेसे वाचवू शकत नाही, कारण वाऱ्याचा आवाज बहुतेक खर्जातला असतो, आणि खर्ज अडवण्यात हेल्मेट कच्चं पडतं. ते अडवतं वरच्या पट्टीचे आवाज. म्हणजे शिट्टी कमी ऐकू येते, घोंगावणं तसंच राहतं. कानात नीट बसवलेला दहा-वीस रुपयांचा फोमचा इअरप्लग मात्र हे काम करतो.

मिळतात कुठं? मेडिकलमध्ये मिळतात, पण तिथं बऱ्याचदा पोहण्याचे मेणाचे किंवा रबरी प्लग हातात देतात, ते नकोत. कोल्हापुरात उद्यमनगर किंवा शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या बाजूला सेफ्टी शूज आणि हातमोजे विकणारी दुकानं असतात, तिथं आवाजासाठीचे फोमचे प्लग मागा. पाकिटावर 'एनआरआर' किंवा 'एसएनआर' असा आकडा असतो, म्हणजे प्लग किती डेसिबल अडवतो त्याचा, तीसच्या आसपास. त्यावर विसंबू नका, तो प्रयोगशाळेतला आहे. एनआरआरच्या आकड्यातून सात वजा करून उरलेल्याचे निम्मे धरा. ३३ लिहिलं असेल तर खरा आधार १३ चा. तेवढाही पुरे : ९६ मधून १३ गेले की ८३ उरतात, आणि पुण्यापर्यंतचा कोटा पुरतो.

दोरीवाले प्लग घेतलेत तर दोरी कापून टाका. हेल्मेट चढवताना ती ओढली जाते, आणि अस्तराला घासून कानात खरखर करते.

कापसाचा बोळा? आमच्या घरात थंडीत कानाला कापूस लावूनच बाहेर पडायची रीत. गार वारा अडतो, कान दुखायचे थांबतात, ते ठीक. आवाज मात्र जेमतेम पाच-सात डेसिबल अडतो, तोही वरच्या पट्टीतला. तेलात बुडवलेला बोळा तर नकोच.

कानात बसवायचा कसा

मला वाटतं हजारात नऊशे लोक इथंच चुकतात. प्लग कानाच्या तोंडाशी अडकवतात, हेल्मेट घालतात आणि म्हणतात काही फरक पडत नाही. माझे पहिले सहा महिने तसेच गेले, म्हणून हे सावकाश सांगतो.

हात धुवा. चेन साफ केलेल्या, ग्रीस लागलेल्या बोटांनी प्लग वळला तर ते ग्रीस कानात जातं. प्लग अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरून उदबत्तीसारखा बारीक वळा, वात वळतो तसा. मधेच घडी पडू देऊ नका. घडी पडली की त्या फटीतून आवाज आत येतो. बारीक झाला की थांबायचं नाही, तो लगेच फुगू लागतो.

उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून पलीकडं नेऊन उजवा कान वर आणि किंचित मागं ओढा. शाळेत मास्तर धरायचे तसा. याने कानाची वाकडी नळी सरळ होते. कान ओढून धरलेला असतानाच प्लग आत सरकवा, आणि बोटाचं टोक ठेवून वीस ते तीस सेकंद दाबून धरा. आत तो फुगत जातो तसा आवाज हळूहळू मावळतो. दाबून धरलं नाही तर प्लग फुगता फुगता बाहेर येतो.

बसला की नाही हे कळायला तीन गोष्टी. पहिली, आरशात समोरून बघितलं तर प्लग कानातून बाहेर आलेला दिसू नये. दिसला तर अर्धाच आत आहे. दुसरी, मोठ्याने एक ते दहा मोजा. स्वतःचा आवाज डोक्याच्या आत, माठात बोलल्यासारखा यायला हवा, आणि दोन्ही कानांत सारखा. एकीकडं माठ आणि दुसरीकडं साधा असेल तर साध्या बाजूचा काढून पुन्हा बसवा. तिसरी, रस्त्याच्या आवाजात उभं राहून दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. फारसा फरक पडला नाही तर प्लग बरोबर बसला.

दुखत असेल तर सहन करू नका. प्लग मोठा आहे. लहान कानांसाठी, विशेषतः बायकांसाठी, लहान आकाराचे प्लग येतात. माझ्या बायकोला साध्या आकाराचा कधीच बसला नाही, आणि मीही वर्षभर तिलाच म्हणत होतो की तुला जमत नाही.

काढताना झटका देऊ नका. हळू पिळत, हवा आत येऊ देत ओढायचा, नाहीतर पडद्यावर खेच बसते. मळका, कडक झालेला किंवा दाबल्यावर परत फुगत नाही असा प्लग टाकून द्यायचा. मी फोमची एक जोडी दोन-तीन फेऱ्यांपेक्षा जास्त वापरत नाही.

हेल्मेट चढवताना दोन्ही पट्टे बाजूला ओढून हेल्मेट रुंद करून घाला. तसंच सरळ खाली दाबलंत तर कान दुमडतो आणि आत्ताच मेहनतीनं बसवलेला प्लग हलतो. हेल्मेट आत गेल्यावर बोट घालून कान सरळ करून घ्यायचा.

फोम जमत नसेल त्यांच्यासाठी तीन कड्यांचे सिलिकॉन प्लग आहेत. धुऊन वापरता येतात, पटकन बसतात, पण लांबच्या फेरीत हेल्मेटचा दाब टोचतो. जाळीचं फिल्टर असलेले, खास मोटारसायकलसाठीचे प्लगही ऑनलाइन मिळतात. ते साधारण १७ ते २० डेसिबलचे असतात आणि माणसाचं बोलणं बरं ऐकू देतात. आणि कानाचा साचा घेऊन बनवलेले प्लग श्रवणतज्ज्ञांकडं होतात. हजारोंत जातात, पण बसवण्यात चूक होत नाही. आठवड्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्यानं त्याचा विचार जरूर करावा. बाकीच्यांनी फोमवर वर्षभर काढून बघावं.

"मग हॉर्न ऐकू येणार नाही की!"

हा प्रश्न मला प्रत्येकानं विचारलाय, आणि तो रास्त आहे. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही कमी करतो. हॉर्न आधी वाऱ्यापेक्षा वरचढ असेल तर नंतरही तितकाच वरचढ राहतो. उलट प्रचंड आवाजात कान भोवंडून जातो, तो प्लगमुळं ताळ्यावर येतो, आणि हॉर्न, ॲम्ब्युलन्स, मागून येणारी एसटी जास्त ठळक कळते. ऊन डोळ्यावर आल्यावर गॉगल लावला की रस्ता स्वच्छ दिसतो, तसंच.

पण याला दोन अपवाद आहेत. कोल्हापुरातल्या गंगावेस, बिंदू चौक, महाद्वार रोड या गर्दीत वीस-तीसच्या वेगाला वारा नसतोच. तिथं रिक्षावाल्याचं "ओ भाऊ"सुद्धा ऐकू आलं पाहिजे. म्हणून गावात प्लग नको. तावडे हॉटेलपाशी, म्हणजे गावातला रस्ता महामार्गाला मिळतो तिथं, गाडी बाजूला घेऊन प्लग घाला, परत येताना तिथंच काढा. मी आता पेट्रोल भरून झाल्यावर पंपाच्या कडेला थांबून घालतो, म्हणजे विसरत नाही. दुसरा अपवाद ज्यांना आधीच कमी ऐकू येतं त्यांचा. त्यांनी ३३ चा फोम लावून सगळंच बंद करू नये. मी स्वतः फिल्टरचा, कमी आकड्याचा लावतो आणि आरसे दुप्पट वेळा बघतो.

कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्लग घालायचा नाही. कानात मळ घट्ट बसला असेल तर प्लग तो आणखी आत ढकलतो. आधी साफ करून घ्या. डॉक्टरांकडं. गाडीच्या चावीने नव्हे, काडेपेटीच्या काडीनेही नव्हे.

आपल्याकडचा पावसाळा हा वेगळा विषय आहे. गगनबावड्याच्या बाजूला जून ते सप्टेंबर हेल्मेटचं अस्तर वाळतच नाही, आणि ओल्या कानात बुरशी पटकन धरते. भिजून आलात तर प्लग टाकून द्या, कान बाहेरून पुसून मोकळे ठेवा, हेल्मेटचं अस्तर काढून पंख्याखाली टाका. खाज आणि दडे बसणं सुरू झालं तर प्लग बंद आणि तपासणी. लसणाचं तेल घालून वाट बघू नका.

हेल्मेट : हनुवटीखाली बघा

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी पुतळ्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवून वाऱ्याच्या बोगद्यात मोजमापं केली होती. त्यात निघालं की कानापर्यंत जाणाऱ्या आवाजाचा मोठा उगम हनुवटीखालच्या भागात असतो, जिथं वारा हेल्मेटच्या खालच्या कडेला घासून भोवरे करतो. आपण मात्र दुकानात काच आणि वरचा आकार बघत बसतो.

यावरचा स्वस्त उपाय गळ्यातला नळीसारखा मऊ पट्टा, ज्याला दुकानदार बफ म्हणतात. तो हनुवटीपर्यंत वर ओढून हेल्मेटच्या कडेखाली खोचा. मानेभोवतीची फट बुजते. मफलर किंवा उपरणं चालेल, पण दोन्ही टोकं जाकिटाच्या आत गेली पाहिजेत. सुटं टोक मागच्या चाकात गेल्याच्या गोष्टी कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहेत. काही हेल्मेटला हनुवटीखाली कापडी पडदा येतो किंवा वेगळा मिळतो, तो लावून घ्या.

मग माप. सैल हेल्मेट म्हणजे वाऱ्याला उघडं दार. घातल्यावर गाल थोडे आत दाबले गेले पाहिजेत, आणि मान हलवली की हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे. नवीन घेताना घट्टच वाटतं, महिनाभरात गाद्या बसतात. जुन्याच्या गादीचा जीव गेला असेल तर गालाच्या गाद्या बदलून मिळतात का विचारा, अख्खं हेल्मेट बदलायची गरज नसते. पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ छापलेलं हेल्मेट घ्या. अर्ध्या हेल्मेटमध्ये, ज्याला आपण टोपी म्हणतो, कान वाऱ्यात उघडेच असतात. कपाळावर टोपीसारखं पान असलेली मोटोक्रॉस हेल्मेटं दिसायला झकास असतात, महामार्गावर मात्र ते पान वारा ओढून भुंगा लावतं.

काचेची चाचणी कागदानं करा. रद्दीच्या वर्तमानपत्राची पट्टी काच आणि रबराच्या मधे धरून काच बंद करा आणि पट्टी ओढा. सरकन निघून आली तर तिथं फट आहे. असं चार-पाच जागी करून बघा. काचेचे स्क्रू मागंपुढं सरकवून कित्येकदा फट जाते. रबर फाटलं असेल तर बदला. हवेची भोकं महामार्गावर बंद ठेवून बघा, कुठल्या भोकाने शिट्टी वाजते ते कळतं. उन्हाळ्यात मात्र ती बंद ठेवणं शक्य नाही, हे मला मान्य आहे. मे महिन्यात कागलला जाताना मी भोकं उघडी ठेवतो आणि प्लगवर भरवसा ठेवतो.

एक सावधगिरी. आवाज अडावा म्हणून हेल्मेटच्या पांढऱ्या थर्माकोलसारख्या आतल्या थराला खाच पाडून फोम कोंबणारे लोक मी पाहिलेत. तो थर अपघातात दबून डोकं वाचवतो. त्याला हात लावू नका.

पुढची काच कधीकधी उलटी पडते

गाडीच्या हँडलपुढं काच लावली की वारा अडतो आणि आवाज कमी होतो, हा समज अर्धाच खरा आहे. काचेच्या वरच्या कडेवरून वारा उसळतो आणि मागे भोवरे सोडतो. ते भोवरे बरोबर हेल्मेटच्या उंचीवर आले तर आवाज काच नसतानापेक्षाही वाढतो. स्वच्छ, सरळ येणारा वारा मोठा असला तरी एकसारखा असतो. विस्कटलेला वारा डोकं हलवतो आणि घुमतो.

हे तपासायचं असं : सकाळी लवकर, मोकळ्या सरळ रस्त्यावर, ६०-७० च्या स्थिर वेगात, आधी नेहमीसारखं बसा. मग हळूच पाठ वाकवून डोकं चार बोटं खाली न्या. मग बसल्या जागी ताठ होऊन चार बोटं वर. हात हँडलवरच, नजर रस्त्यावरच. खाली गेल्यावर एकदम शांत झालं तर काच थोडी उंच हवी. वर गेल्यावर आवाज सरळ झाला तर काच तुमच्यासाठी आखूड करणं किंवा काढून टाकणं बरं. तीच गाडी तुमच्यापेक्षा चार इंच बुटक्या भावाला शांत वाटेल, म्हणून मित्राचा सल्ला काचेच्या बाबतीत घेऊ नका. बाजारात मिळणारी सर्वांत उंच काच हजार-दीड हजार घालून लावायची आणि मग भोवरे कानावर घ्यायचे, हा प्रयोग मी केलाय. ती काच सध्या माळ्यावर आहे.

ट्रकच्या मागून जाताना तोच प्रकार होतो. ऊसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि रांगेनं ट्रक असतात. त्यांच्या मागचा हवेचा लोंढा हेल्मेटवर थपडा मारतो. अंतर ठेवलंत तर ब्रेकही वेळेवर लागतो आणि कानही वाचतात.

वेग, थांबे आणि संध्याकाळ

८० वरून ७० वर आलात तर आवाज अडीच-तीन डेसिबलनं उतरतो, म्हणजे कानावरचा भार जवळजवळ निम्मा. कोल्हापूर ते कराड साधारण ७५ किलोमीटर. ऐंशीनं ५६ मिनिटं, सत्तरनं ६४. आठ मिनिटांसाठी कान पणाला लावायचे का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी सत्तरनं जातो, पोरं ओव्हरटेक करताना बघून हसतात.

तासाभरानं थांबा, पण थांबण्याची जागा बघून. जनरेटर धडधडतोय आणि स्पीकर लागलाय अशा ढाब्यावर कानांना विश्रांती नसते. रस्त्यापासून शंभर पावलं आत गेलात तरी पुष्कळ फरक पडतो.

कानात घालायचे इअरफोन लावून गाणी ऐकत जाणं, हे सर्वांत घातक. वारा ९५ चा असताना गाणं ऐकू यायला ते त्याहून वर न्यावं लागतं. हेल्मेटमधला इंटरकॉम लागत असेल तर आधी प्लग घाला आणि मग आवाज लावा. प्लगमुळं वारा दबतो, त्यामुळं इंटरकॉम कमी आवाजावरही ऐकू येतो. पहिल्यांदा विचित्र वाटतं, दुसऱ्या फेरीला सवय होते.

आणि आपल्या कोल्हापूरची खास गोष्ट. दिवसभर गाडीवर, संध्याकाळी मंडळाच्या साउंड सिस्टीमसमोर. थकलेल्या कानांवर दुसरा मार बसतो तो असा. लांबचा प्रवास करून आलेल्या दिवशी मिरवणुकीत जायचंच असेल तर खिशातले प्लग तिथंही घाला. कोणी हसलं तर हसू दे.

मागं बसणाऱ्यालाही तोच वारा लागतो, काचेमागचा विस्कटलेला तर जास्तच. बायको, मुलगा, आई, जे कोणी मागं असेल त्याला हेल्मेट आणि योग्य आकाराचे प्लग दोन्ही द्या. लहान मुलांना महामार्गावर मागं घेऊन लांबचा प्रवास मी करतच नाही.

तपासणी

महामार्गावर रोज जाणाऱ्यानं एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी, काही त्रास नसला तरी. पुढं तुलना करायला पहिला आलेख हाताशी हवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात किंवा कुठल्याही कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं विचारा. तपासणीच्या आदल्या संध्याकाळपासून गाडी आणि मोठे आवाज टाळा, नाहीतर तात्पुरता बधिरपणा आलेखात उतरतो. मग सकाळी रिक्षानं जा.

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकू नये. एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं, किंवा सकाळी उठल्यावर एक कान बंदच आहे असं वाटलं, तर ते मळ किंवा सर्दी समजून बसू नका. त्याच दिवशी तज्ज्ञाकडं जा. अशा वेळी औषध जितकं लवकर सुरू होतं तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त. चक्कर, कान वाहणं, एकाच कानात सतत सूर, यांनाही तोच नियम.

माझा दुसरा आलेख गेल्या महिन्यात काढला. चार वर्षं प्लग वापरल्यावर खड्डा तेवढाच आहे, खोल गेलेला नाही. दोन्ही कागद गाडीच्या आरसी आणि विम्याच्या प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवलेत. प्लगची डबी किल्लीच्या कडीला आहे, एक जादा जोडी टूलबॉक्समध्ये स्पार्क प्लगच्या पान्याशेजारी. परवा किणी टोल नाक्याच्या पुढं एका अनोळखी पोराला ती दिली, तेव्हा ती जागा रिकामी झाली. आज उद्यमनगरातून जाताना पाकीट घ्यायचंय.